अण्णांच्या वाटचे उपकार

"त्यांच्या वाटचं मी बोलते, तर तुझ्या पोटात का दुखायलंय?" आई म्हणली, आन् भाकरीची टोपली तिनं माझ्यापासून लांब सारली. मी म्हणलं, "बोल की, पण त्यांचं बोल. तुझं तू त्यांच्या तोंडात घालू नको." "मग चुकीचं काय बोलले मी? औषधाबद्दल उपकार मानले, चर्चमधल्या मंडळीच्या प्रार्थनांबद्दल मानले. ह्यात वाईट काय हाय?" वाईट काय न्हाय, तेच तर. अण्णांनी उभ्या जन्मात असले उपकार मानले न्हाईत, ज्यात वाईट बी काय न्हाय आन् चव बी काय न्हाय. अण्णा, माझे वडील, भिंतीला टेकून बसलेले. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचातरी हात जरा वेळ सांभाळायला घेतल्यावानी. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डोकं शाबूत हाय, सगळं कळतं, नुसता शब्द तोंडापातूर येत न्हाय, असं डॉक्टर म्हणतात. आमच्या घरात जेवायच्या आधी प्रत्येकानं पाळीपाळीनं देवाचे उपकार मानायचे. तेव्हापासनं अण्णांची पाळी आली की आई डोळे मिटती आन् त्यांच्या वाटचं बोलून टाकती, मग विचारती, "बरोबर बोलले न्हवं?" आन् अण्णा मान हलवतात. ती मान मला वळखता येती. अण्णा रिक्षावाले. पॅसेंजर उगंच वाद घालायला लागला, की ते अशीच मान हलवायचे. व्हय बाबा, तुझंच खरं, उतर आता. मी ताटावरनं उठलो. उठता उठता तोंडातनं गेलं, "त्यांना उपकार मानायचेच नसतील तर? कधी विचारलंस?" खाली घरमालकिणीच्या, अक्कम्माच्या घरात कुकरची शिट्टी झाली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, आन् त्या बघण्याचा अर्थ मला लागला न्हाय. राग असंल, न्हायतर बरोबर बोललास असं असंल. दिपी, माझी बहीण, दहावीत हाय पण जिभेनं कवाच बारावी पास झालीय, ती म्हणली, "लई कळतंय न्हवं तुला? मग उद्या तूच घेऊन जा त्यांना दवाखान्यात व्यायामाला. दिवसभर संगं राहा, आन् रात्री त्यांच्या वाटचं तूच सांग. त्यांनी मनापासनं व्हय म्हणलं तर तू जिंकलास. न्हाय म्हणले तर परत आईला बोलायचं न्हाय." मी म्हणलं, "चालतंय."

चालतंय म्हणलं खरं, पण अंथरुणावर पडल्यावर एकेक सुचायला लागलं. चूक निघाली तर आईपुढं नाक कापलं जाईल, ते ठीक हाय, माझं नाक रोजच कुटंतर कापलं जातं. भीती दुसरीच होती. अण्णांकडं सांगण्यासारखं काय उरलंच नसंल तर? माणूस हाय, जेवतो, झोपतो, मान हलवतो, पण आत ते जे रोज काहीतर वेचून आणायचं, तेच बंद पडलं असंल तर? मग आमी जेवायच्या आधी जे करतो ते नुसतं नाटक. आन् भिंतीला टेकून बसलेले ते अण्णा न्हाईत, अण्णांसारखा दिसणारा कुणीतर.

कारण ही पाळी म्हणजे अण्णांची भानगड. आमच्या मंडळीत दुसऱ्या कुणाच्या घरात असली न्हाय. अण्णांचं नाव बिभीषण. मोहोळकडच्या एका खेड्यातनं आले, तरुणपणी प्रभूचे झाले, पण नाव न्हाय बदललं. कुणी विचारलं, हे काय ख्रिस्ती नाव हाय व्हय, तर म्हणायचे, देवाला घर माहीत हाय माझं, नावावरनं शोधायला तो काय पोस्टमन हाय का. नवीन नवीन होते तेव्हा एकाच्या घरी प्रार्थना होती, आन् प्रत्येकानं पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची असं ठरलं. बाकीचे जन्मापासनंचे, त्यांच्या तोंडात कृपा, करुणा, अनुग्रह असले शब्द बसलेले. अण्णांची पाळी आली तर त्यांना त्यातलं एक बी येईना. घाम फुटला. शेवटी उभं राहून म्हणले, "प्रभू, आज चहा लई चांगला झाल्ता. उपकार." आन् खाली बसले. काही जण हसले. पण त्या घरातली म्हातारी म्हणली, सगळ्यांनी देवाला सांगितलं देव कसा हाय ते, ते त्याला आधीच माहीत हाय. चहाचं ह्या एकट्यानंच सांगितलं. अण्णांनी ते धरून ठेवलं. लग्न झालं, आमी झालो, आन् नियम पडले. आजचंच सांगायचं, कालचं आज चालत न्हाय. सगळ्यांचं सांगायचं न्हाय, आपलं आपण सांगायचं. सूर्य उगवला, श्वास चालू हाय, असलं काय म्हणलं की अण्णा ट्रॅफिक हवालदारासारखा हात आडवा करायचे: "ते रविवारी चर्चमधी पाळक सांगतात. तुझं सांग." आई रोज अडकायची. "आरोग्याबद्दल…" की हात आडवा. "कुणाच्या आरोग्याबद्दल?" "सगळ्यांच्या." "सगळ्यांनी सांगितलंय व्हय तुला?" मग आई चिडायची आन् चिडून म्हणायची, "बरं, आज नळाला पाणी दोनदा आलं, दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी घरात होते." "आमेन," अण्णा म्हणायचे, आन् भाकरी मोडायचे. दुसऱ्याचं उचललेलं बी चालायचं न्हाय. दिपी लहान असताना रोज माझंच ढापायची, तर तिला अण्णा म्हणायचे, ही पॅसेंजर तिकीट न काढता बसायलीय.

त्यांचं स्वतःचं तर ऐकावं. सात रस्त्याला आज एक बाई रिक्षात बसली आन् पत्ता विसरली, आमी दोघांनी मिळून शोधला, तिच्या दारात चाफा होता. उपकार. आज एका पोरानं मला काका न म्हणता दादा म्हणलं. उपकार. आज पाठीमागं बसलेले नवरा-बायको भांडत बसले आन् उतरताना हसत उतरले, मधी काय झालं ते मला कळलं न्हाय, तुला माहीत असंल. उपकार. मी नववीत शाळा सोडली, म्हणजे शाळेचं आन् माझं एकमेकांत जमेना. वर्गात बसलं की माझ्या पायाला मुंग्या यायच्या, आन् गणिताच्या सरांना त्या मुंग्या दिसायच्या. त्या दिवशी घरी आई रडून बसलेली, दिपी भेदरलेली, आन् माझी पाळी आली. मला वाटलं आज चामडं लोळवतील. मी मुद्दामच म्हणलं, "आज गणिताच्या सरांनी मला परत येऊ नको म्हणलं, त्याबद्दल उपकार." अण्णांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. हात आडवा होणार असं वाटलं. आन् एकदम मोठ्यानं "आमेन" म्हणले. मग म्हणले, जेव, सकाळी गॅरेजला बोलतो कुटंतर. ते आमेन माझ्या कानात अजून हाय. शाळेतल्या कुठल्याच पाढ्याला असला आवाज न्हवता.

शनिवारी सकाळी आई लुंगी घेऊन आली तर अण्णांनी डाव्या हातानं ती बाजूला भिरकावली. खुंटीकडं बोट. खुंटीला त्यांची खाकी पँट, आजारपणापासनं तशीच लटकलेली. आई म्हणली, "अहो, लुंगीच बरी पडती. बटणं, चेन, कशाला तो कुटाणा?" अण्णांनी डोळे मोठे केले. मी पँट चढवली. मला वाटलं, रिक्षा स्टँडवरच्या लोकांपुढं लुंगीत जायचं न्हाय त्यांना. मी मनात टिपून ठेवलं: पँट. दिवसभर मला हेच काम, टिपत जायचं. खाली अक्कम्मा उंबऱ्यात शेंगा निवडत बसलेली. अक्कलकोटकडची, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलती. पँटकडं बघून म्हणली, "बिभीषण, नवरदेव झालास की." अण्णांचं अर्धं तोंड हसलं. हे बी टिपलं.

भीमाशंकरकाका, अण्णांच्या स्टँडवरचा, रिक्षा घेऊन आल्ता. आजारपणाआधी अण्णा कधी मागच्या सीटवर बसले नसतील. मी त्यांच्या शेजारी, माझी नजर त्यांच्या डोळ्यांवर. ते कुटं बघतात तिकडं मी बघायचं, असं ठरवलेलं. शुक्रवार पेठेतनं बाहेर पडलो. अण्णांनी बघितलं गच्चीवर वाळत घातलेल्या टॉवेलांकडं. मी बघितलं: लांबच्या लांब पांढरे टॉवेल, आन् मधेच एक लाल, वाऱ्यानं त्याच्यापुरताच उडायलेला. अण्णांनी बघितलं एका म्हाताऱ्याकडं, तो दुकानाच्या पायरीवर बसून बायकोच्या चपलेचा अंगठा शिवायलेला, आन् बायको एका पायावर उभी. अण्णांनी बघितलं पुढं, रस्त्याकडं. तेव्हा मला दिसलं. सात रस्त्याला सिग्नल लाल झाला आन् अण्णांचा उजवा पाय, तोच तो मेलेला पाय, काठी टेकत नुसता ओढत न्यायचा, व्यायामाच्या मॅडम सांगून सांगून दमल्या तरी आपणहून न हलणारा, तो हलला. तळवा खाली दाबला गेला. ब्रेक मारला त्यांनी. भीमाशंकरकाकानं पुढं ब्रेक मारला आन् अण्णांनी मागं मारला. मी श्वास धरून बसलो. पुढच्या चौकात एक म्हैस आडवी आली, परत पाय दाबला. मला ओरडावंसं वाटलं पण मी ओरडलो न्हाय, खिशात सापडलेली वस्तू मुठीत गच्च धरावी तसं ते धरून ठेवलं. घावलं. आजचं घावलं. आता दिवस कसाबी जाऊ दे, रात्री आईपुढं मी हे टाकणार. भीमाशंकरकाका आरशातनं म्हणला, "काय बे शमुवेल, एकटाच हसायलास?" मी म्हणलं, "काका, तुमच्या रिक्षाला आज दोन डायव्हर हैत." त्याला काय कळलं न्हाय. म्हणला, "व्हय, आन् भाडं एकच."

दवाखान्यात गर्दी. अण्णांना बाकड्यावर बसवलं आन् मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं एक पांढऱ्या शर्टचा गडी घुसला. मी म्हणलं, दादा, रांग मागं हाय. तो म्हणला, पेशंट कुठाय तुझा, मी अण्णांकडं बोट केलं, म्हणलं त्यांना बोलता येत न्हाय. तो म्हणला, "ते मुकं हाय व्हय? त्याला काय घाई?" बास. पुढं मी काय काय बोललो ते सांगण्यासारखं न्हाय, पण पंख्याखाली झोपलेलं एक बाळ जागं झालं एवढं खरं. वॉचमन आला, कॉलर सोडवली, पांढरा शर्ट मागं गेला, आन् मी छाती काढून वळलो तर बाकडं रिकामं. अण्णा न्हाईत. काठी बी न्हाय. गेटापातूर पळालो, वॉचमनला विचारलं, बायकांच्या वॉर्डात डोकं घातलं आन् शिव्या खाल्ल्या. आन् तेवढ्यात डोक्यात काय यावं, तर गड्ड्याची जत्रा. मी पाच-सहा वर्षांचा असंन. अण्णांचा हात सुटला. पाळणे, पिपाण्या, भज्यांचा वास, आन् सगळीकडं पँटी, पँटी, पँटी, त्यात एक बी अण्णांची न्हाय. मी रडत गोल गोल फिरलो आन् फिरून परत त्याच मोठ्या पाळण्याखाली आलो, तर अण्णा तितंच उभे, शेंगा खात. हलले बी न्हवते. मारलं न्हाय, ओरडले न्हाईत. शेंगा माझ्या हातावर ओतल्या. त्या रात्री म्हणले, "आज माझं पोरगं हरवलं न्हाय, नुसतं फिरून आलं. उपकार." तेव्हा मला ते लई साधं वाटल्तं. दवाखान्यात पळताना कळलं की तितंच उभं राहायला छातीत केवढं काय लागत असंल. मला ते जमत न्हवतं. मी आपला पळत होतो.

सापडले ते दवाखान्याच्या आतल्या बोळाच्या पार टोकाला. बेसिनपाशी, डाव्या हातानं खिडकीचा गज धरून उभे. कपाळावर घाम, शर्टाचं पोट पाण्यानं ओलं, काठी खाली पडलेली. फिनेलचा वास. आन् तोंडावर ते अर्धं हसू, असलं की लकव्याआधी बी मी कधी बघितलं न्हवतं. मी धावत जाऊन त्यांना धरलं आन् धरल्या धरल्या ओरडलो, "कुटं गेल्ता? पडला असता म्हणजे? तहान लागल्ती तर हाक मारायची की." हाक मारायची, म्हणे. बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं काय बोललो. पण अण्णांना त्याचं काय न्हवतं. ते "हॅ, हॅ" करत होते, घशातल्या घशात. माझ्या खांद्यावर त्यांनी डाव्या हाताची एक थाप मारली, गिऱ्हाईक चांगलं मिळालं की भीमाशंकरकाकाच्या पाठीवर मारायचे तशी. मला वाटलं, पळवलं मला म्हणून मजा वाटायलीय. अजून राग गेला न्हवता, पण ती थाप खांद्यावर तशीच गरम राहिली. मॅडमनी व्यायाम घेताना विचारलं, आज स्वारी खुशीत दिसती. मी ब्रेकचं सांगितलं. मॅडमनी मला दोनदा सांगायला लावलं, मग अण्णांच्या पायापुढं एक लाकडी फळी ठेवली आन् म्हणल्या, "समजा ही रिक्षा हाय. म्हैस आली." अण्णांनी फळीकडं बघितलं, मग मॅडमकडं, आन् पाय काय हलवला न्हाय. खोटी म्हैस त्यांना चालत न्हाय. मॅडम हसल्या, मी हसलो.

परत येताना भीमाशंकरकाकानं रिक्षा स्टँडवर घेतली. ज्ञानूचं चहाचं खोकं तितंच. ज्ञानू ओरडला, "काय बे बिभीषण, पॅसेंजर झालास व्हय? मीटरनं येतोस का ठरवून?" सगळे गोळा झाले. कुणी अण्णांचा हात हातात घेतला, कुणी पँटचं विचारलं, कुणी म्हणलं, तुझ्या जाग्यावर आमी कुणाला रिक्षा लावू देत न्हाय. मी बघितलं तर खरंच, रांगेत मधी एक जागा रिकामी, त्यात एक कुत्रं झोपलेलं. ज्ञानूनं चहा दिला. अण्णांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातनं चहा गळाला आन् मी रुमालानं पुसला, आन् पुसताना आजूबाजूला बघितलं, कोण बघायलंय का. कुणी बघत असतं तर माझं डोकं परत फिरलं असतं. पण कुणी बघत न्हवतं. सगळ्यांनी एकदमच आपापल्या कपात बघायला सुरुवात केल्ती. असली माणसं. आन् तितं, त्या खोक्यापाशी, मला काहीतर व्हायला लागलं. सकाळपासनं मी अण्णांच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न करायलो होतो, आन् आता ते थांबेना. चहाच्या पातेल्यावर फडकं धरलेला ज्ञानूचा हात दिसला, त्या हातावर बायकोचं नाव गोंदलेलं. समोरच्या दुकानात एक बाई कडक भाकरीची चळत लावायलेली, शेवटची भाकर ठेवताना तिनं श्वास धरला. तळ्याकडनं वारा आला, त्याला पाण्याचा आन् शेवाळाचा वास. एक पोरगं शाळा बुडवून सायकलवर हात सोडून गेलं, मी त्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. ऊन गुडघ्यापातूर आल्तं, अजून चटका देत न्हवतं. हे सगळं रोज हितंच असतं का? मी रोज ह्याच रस्त्यानं गॅरेजला जातो, डोक्यात कुणाचंतर बोलणं घोळवत, त्याला काय उलट बोलायला पाहिजे होतं ते जुळवत. आन् हे सगळं तेव्हा बी हितंच असतं? माझ्या छातीत दुखायला लागलं, पण बरं दुखणं. पाळी एक, आन् जिन्नस एवढे. अण्णा रोज ह्यातनं एकच निवडायचे. बाकीचं कुटं ठेवत असतील? मी त्यांच्याकडं बघितलं. ते कुत्र्याकडं बघायलेले. कुत्रं झोपेत पाय हलवत होतं, कुटंतर पळायलेलं.

संध्याकाळी सगळे बसलो. अक्कम्मा वर शेंगाचटणी घेऊन आल्ती आन् पैज कळल्यावर खाली जायचं नाव घेईना, दारात पाय पसरून बसली. ती लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, तोंडात आमचं आमेन, तिला दोन्ही चालतं. कधीकधी आमच्यात बसून, कन्नडमधी नंदू ऐती, म्हणजे माझं बी हाय, असं म्हणून स्वतःचं एक सांगती. आईनं नळाचं सांगितलं, दिपीनं मराठीच्या बाईंचं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटले. "प्रभू, अण्णांच्या वाटचं. आज सात रस्त्याला अण्णांच्या उजव्या पायानं आपला आपण ब्रेक मारला. उपकार." आईनं डोळे उघडले. "काय म्हणलास? पाय हलला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिपी अण्णांच्या पायाला हात लावायला लागली. जिंकलो, मला वाटलं. आन् अण्णांनी मान हलवली. डावी-उजवी. न्हाय.

मी म्हणलं, "न्हाय म्हणजे? हलला की. मी बघितलं की." अण्णांनी डावा हात आडवा केला. तोच, हवालदाराचा. आजारपणानंतर पहिल्यांदाच. आईला तो हात बघूनच हुंदका आला, पण माझं लक्ष तिच्याकडं न्हवतं. मी म्हणलं, "मग ज्ञानूचा चहा." न्हाय. "स्टँडवरची जागा." जरा थांबून, न्हाय. "गच्चीवरचा लाल टॉवेल." न्हाय. आई म्हणली, "पँट? सगळे चांगलं म्हणले पँटला?" पँटला अण्णांची भुवई वर गेली, पण परत, न्हाय. अक्कम्मा म्हणली, "माझी चटणी." सगळे हसले, अण्णा हसले न्हाईत. आता ते चिडायला लागले होते. ताटाच्या कडेवर डाव्या हाताची मूठ आपटली. घशातनं शब्द यायला बघत होता आन् दातापाशी येऊन मोडत होता. भाकरी गार झाली. मला वाटलं, आता मान हलवून व्हय म्हणतील, कटाळून, पॅसेंजरला म्हणतात तसं, आन् सगळं संपंल. मी पुढं सरकलो. "अण्णा, काय न्हायच का? नसलं तर नसू दे. खरं सांगा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीला हात टेकून उठायला लागले. आई धरायला गेली तर तिला कोपरानं बाजूला केलं. उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ. डावा हात पुढं गेला, कमरेपाशी. हात खाली ओढला. आन् मग तोंडानं, सावकाश, अगदी स्पष्ट: "स्स्स्स्स्स."

घरात कुणाला काय कळेना. अण्णांनी परत केलं, जास्त वेळ. मग हात वर ओढला, चेन लावल्यावानी. मग बटण लावलं, एका हातानं, जीभ दातात धरून, ते बटण लावायला किती वेळ लागला होता तेवढाच वेळ घेऊन. मग वळले आन् डावा हात पुढं धरला, बघा म्हणून, रिकामा, कुणीच धरलेला न्हाय. सगळ्यात आधी अक्कम्माला कळलं. तिनं तोंडावर पदर घेतला आन् ती हलायला लागली. मग मला बोळ दिसला, फिनेल, ओला शर्ट, घाम, ती थाप. मी शिव्या देत होतो तेवढ्या वेळात हा माणूस उठला, भिंत धरून बोळभर चालत गेला, आन् दिवाळीपासनं जे आईनं धरलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात, तोंड फिरवून, रोज करायला लागत होतं, ते गडीमाणसासारखं उभं राहून, एकट्यानं करून आला. हात धुतले. पँटीचं बटण लावलं. आन् मी त्यांना म्हणलं, तहान लागल्ती व्हय.

"देवापुढं असलं सांगतात व्हय?" आई म्हणली. पण तिचा आवाज चिडका न्हवता, कसलातरीच होता. ती खाली बसली, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले. तिला अजून माहीत न्हवतं काय बोलायचं ते, म्हणून तिनं मंडळीतली सुरुवात केली. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आज तुझ्या ह्या सेवकानं… दवाखान्यात… आपला आपण…" तितं ती अडकली. तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडायली, आन् बघतो तर हसायली. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आन् हसू काय आवरेना. दिपी फुटली. अक्कम्मा तर दारात आडवीच झाली. अण्णा भिंतीला टेकून उभे, राजासारखे, एवढे खूश की त्यांचं लोंबलेलं तोंड बी सरळ दिसायला लागलं. आई कशीबशी म्हणली, "…मुतून आला. त्याबद्दल तुझे उपकार." "आमेन," आमी सगळे म्हणलो, एवढ्या मोठ्यानं की गल्लीतनं कुणीतर विचारलं काय झालं. माझी पाळी राहिलेली. मी म्हणलं, "माझं बी तेच." दुसऱ्याचं चालत न्हाय, नियम हाय. अण्णांनी विचार केला. मग डाव्या हातानं भाकरी मोडली आन् मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.

आन् आता ही आज सकाळची भानगड. आज रविवार. आमच्या उपासनेत मधी साक्षीची वेळ असती, ज्याला देवाचे उपकार सांगायचेत त्यानं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. अण्णा आजारी पडल्यापासनं गेले न्हाईत. आज उजाडायच्या आत पँट मागितली, बटण स्वतः लावलं, कुणाला हात लावू दिला न्हाय. मग स्वतःच्या छातीवर बोट, मग वर, मग ते "स्स्स," आन् मग बोट माझ्यावर. मी म्हणलं, "मी? सगळ्यांपुढं? पाळकसाहेबांपुढं?" व्हय. पॅसेंजरची मान न्हवं, अण्णांची मान. आई म्हणली, मी येणार न्हाय, माझी अब्रू हाय, आन् असं म्हणत तिनं पेटीतनं चांगलं लुगडं काढलं. दिपी म्हणली, लघुशंका म्हण, शुद्ध हाय. हात आडवा. आई आतनं म्हणली, नैसर्गिक विधी म्हण. हात आडवा. म्हणजे त्यांना काल आईनं म्हणलेलाच शब्द पाहिजे, चर्चमध्ये, माझ्या तोंडनं. गणिताच्या सरांपुढं बी मी कधी एवढा भ्यालो न्हवतो. पुढच्या बाकड्यावर ती म्हाताऱ्या बायकांची रांग बसती. कोण हसलं तर मी काय करंन माहीत न्हाय. बहुतेक मी बी हसंन. चर्चची घंटा झाली. जिन्यावर काठी वाजायली, खालनं अक्कम्मा ओरडायलीय, हळू, बिभीषण, हळू. थांबले न्हाईत ते, निम्मा जिना उतरले बी. मला निघायला पाहिजे आता.